तिसरी वायर

सांगतो, पण एकदाच. मधे हसायचं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. वाढवून सांगायची मला सवय नाही.

सन बासष्टचा मे महिना. पातूरच्या बाहेर अकोला रस्त्याला माझं टिनाचं दुकान होतं. पेट्रोल मोटारी दुरुस्त करायचो. दुपारचे बारा वाजले होते. त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसायचं. टिनाचं छप्पर तापून मधूनच कट्‌कन वाजायचं. मी एक कार्बोरेटर रॉकेलमध्ये धूत बसलो होतो.

आवाज दुरून आला. मोटार दिसायच्या आधीच मी ओळखलं की गाडी मिसिंग मारते आहे. चारातलं एक सिलिंडर कामाला नाही. धक्, धक्, रिकामं, धक्.

जुनी काळी मोटार दारात येऊन थांबली. चालवणारा मुनव्वर. आलेगावच्या एका मालकाकडे ड्रायव्हर होता, माझ्या ओळखीचा. इंजिन चालू ठेवूनच तो उतरला. मागच्या सीटवर त्याची बायको नसीमबानो होती, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून त्यांची मुलगी शकीला. बारा-तेरा वर्षांची असेल. छाती भरली होती तिची. इंजिनाच्या आवाजातही तिचा श्वास मला ऐकू येत होता. ओलं लाकूड करवतीनं कापावं तसा.

"अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचं हाय, शेषरावभाऊ," मुनव्वर म्हणाला. "डॉक्टरनं सांगतलं, आज पोचली नाही तर..."

"मंग थांबला कावून?"

"उभी केली का बंद पडते. पळताना चालते. दोनदा पडली."

"प्लग कधी साफ केले होते? तुह्या लग्नात?"

"मालक गाडीले हात लावू देत नाही जी. फक्त धक्का मारू देते."

"बंद कर. प्लग काढून पाहतो. पाच मिनिटं."

"बंद नका करू!" नसीमबानो आतून ओरडली. मग एकदम हळू बोलली. "नाल्यात गाडी बंद पडली, तवा हिचा दमबी बंद झाला, भाईजान... गाडी चालू झाली, मंग आला."

मुनव्वरनं होकाराची मान हलवली.

आईचं मन आहे, असं मी धरलं. वाद घातला नाही. इंजिन चालू असतानाही दोष सापडतो. चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे चार जणांनी उचललेली खाट. चारही प्लगांना एकेक वायर असते. चालू इंजिनावर एक वायर काढली की तो एक गडी हात सोडतो, खाट कलते, इंजिन अडखळतं. मग समजावं, हा गडी काम करत होता. ज्याची वायर काढून काहीच फरक पडत नाही, तो नुसता हात लावून चालणारा. दोष त्याच्यात.

बॉनेट उघडलं. गरम तेलाचा आणि पेट्रोलचा वास तोंडावर आला. हाताला कोरडं फडकं गुंडाळलं.

पहिली वायर काढली. इंजिन अडखळलं. परत लावली.

दुसरी काढली. अडखळलं. परत लावली.

तिसरी काढली. इंजिनात काही फरक नाही. तेच धक्, धक्, रिकामं, धक्. सापडला, म्हणून मी मान वर केली, आणि तेव्हा कळलं की मागची करवत थांबली आहे.

"शकीला?" नसीमबानो म्हणाली. "शकीला... अगं..."

मी वायर लावली. मागं मोठ्यानं श्वास ओढल्याचा आवाज आला, आणि करवत पुन्हा सुरू झाली.

इथं मी जे केलं ते आजवर कोणाला सांगितलं नाही. मी ती वायर पुन्हा काढली. एकदा घडलं तर ते कसंही घडू शकतं. मिस्त्री दोनदा पाहतो. मला तसंच शिकवलं होतं आणि मीही पुढं तसंच शिकवलं. वायर हातात धरून मी मनात पाच आकडे मोजले. त्या पाच आकड्यांत गाडीच्या मागून काहीही आवाज आला नाही. छप्पर वाजलं तेवढंच.

लावली. श्वास आला.

मुनव्वरनं पाहिलं होतं. मी काय केलं ते त्याला समजलं होतं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

तीन सिलिंडरवर चालणारी गाडी माझ्या दुकानातून कधी बाहेर गेली नव्हती. तो माझा नियम होता. त्या दिवशी मी तिसऱ्या प्लगला हात लावला नाही. कार्बोरेटरचा स्क्रू पिळून स्लो वाढवला, म्हणजे उभी असताना गाडी सहज बंद पडू नये. घरी बायकोला, ललिताला, निरोप पाठवला की अकोल्याला जातो. मुनव्वरच्या शेजारी बसलो.

"चाल. आणि चावीले हात लावू नको."

रस्ताभर मी इंजिन ऐकत होतो आणि मागचा श्वास ऐकत होतो. नीट ऐकलं तेव्हा कळलं. इंजिनाच्या लयीत जिथं रिकामं पडत होतं, तिथंच तिचा श्वास पडत होता. चौघांची लय पुरी होत होती.

अकोल्यात मोर्णा नदीच्या पुलावर लग्नाची वरात आडवी आली. भर दुपारी बँड. इंजिन थरथरायला लागलं. मी उतरून बॉनेट उघडलं आणि इंजिन पडू नये म्हणून कार्बोरेटरचा दांडा बोटानं धरून ठेवला. अर्धा तास. बोट भाजलं, त्याचा डाग अजून आहे. वरातीतला एक जण म्हणाला, "काय हो मिस्त्री, गाडीची नाडी पाहून राहिले का?"

मी दांडा सोडला नाही.

दवाखान्यात दोन माणसांनी शकीलाला उचलून आत नेलं. नसीमबानो मागं धावली. मुनव्वरला मी म्हणालो, "तू जा. मी इथं हाओ." मोटार लिंबाखाली चालू ठेवून मी उभा राहिलो. तीन वाजले. चार वाजून गेले.

मग मिसिंग गेलं. मी कशालाही हात लावला नव्हता. आपोआप चारही ठोके सारखे पडायला लागले. शिवणयंत्रासारखं. सगळा जन्म मी त्या आवाजासाठी काम केलं, आणि त्या दिवशी तो ऐकून वाटलं, शकीलाचा श्वास संपला. दवाखान्याच्या दाराकडे पाहायची हिंमत झाली नाही.

दार उघडलं. मुनव्वर पळत आला. रडत होता आणि हसतही होता.

"पाणी मांगतलं तिनं! डोळे उघडले, भाऊ!"

मी मडगार्डला टेकलो. मग परत बॉनेटशी गेलो. गाडी परत जाणार होती, आणि तपासल्याशिवाय गाडी सोडायची नाही हाही माझा नियम होता.

"आता कशाले हात लावता?" मुनव्वर म्हणाला.

"तपासतो."

तिसरी वायर काढली. इंजिन अडखळलं. जसं पाहिजे तसं. मुनव्वर आत पळत जाऊन आला. "पाणी पिऊन राहिली." पहिली काढली, ठीक. दुसरी, ठीक.

चौथी काढली.

इंजिनात काही फरक पडला नाही.

ठोके चारच्या चार ऐकू येत होते. वायर माझ्या हातात होती. मी ती लगेच परत लावली. या वेळी दोनदा पाहिलं नाही.

"झालं ना?" मुनव्वरनं चावीकडे हात नेला. मी त्याचं मनगट धरलं.

"थांब."

"कावून?"

"हा चौथा ठोका कोणाचा हाय... मले माहीत नाही."

तो समजला. त्यानं दवाखान्याच्या खिडक्यांकडे पाहिलं. आत किती खाटा होत्या कोण जाणे. मग आम्ही दोघांनी पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं. काटा तळाला टेकला होता. मुनव्वर डबा घेऊन पळाला.

तो परत यायच्या आत दवाखान्याची पाचची घंटा झाली, आणि इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

मी कान देऊन उभा राहिलो. आतून कोणाच्या रडण्याची वाट पाहिली. कोणी रडलं नाही. मुनव्वर आला, आत जाऊन विचारून आला. सगळे रोगी होते तसेच होते. शकीला झोपली होती. मला माझीच लाज वाटली. सहाच्या बसनं मी पातूरला निघालो.

घरी आलो तेव्हा अंधार नुकताच पडत होता. ललिता दारातच बसून तूर निवडत होती. मला पाहून तिचा हात सुपातच राहिला.

"काहो... तुमी बाहेर कधी गेले?"

"सकाळपासून बाहेरच हाओ ना. निरोप नाही भेटला?"

"भेटला. पण पाच वाजता तुमी आले. मी पाणी देऊ का म्हटलं तर बोलले नाही. आत जाऊन पडले. म्हटलं, थकले असन..." तिचा आवाज बारीक झाला. "मी तवापासून इथंच बसली हाओ. दारातून कोणी गेलं नाही."

आमच्या घराला ते एकच दार होतं.

मी खाली पाहिलं. उंबऱ्याशी माझ्या चपला काढून ठेवल्या होत्या. उजव्या अंगठ्याला तेलाचा डाग, डाव्या पट्ट्याला मीच मारलेला खिळा. मग मी माझ्या पायांकडे पाहिलं. चपला माझ्या पायांत होत्या.

आतल्या खोलीत खाट कुरकुरली. कोणीतरी कूस बदलली.