पत्ते खोचलेली चाकं

गाडी धुतली की चाकं जास्तच भिकार दिसायची. चंदेरी रंगाचे पोपडे उडालेले, कडेला फुटपाथला घासल्याचे ओरखडे. मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. गल्ली त्यांना समोर मावशी म्हणायची आणि पाठ वळली की तोफ. दोन्ही त्यांना ठाऊक होतं, आणि दुसरंच जास्त आवडायचं.

रविवारी लेक बापाची गाडी न्यायला येणार होती. बाप गेल्यापासून पाच महिने तिने या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. मागच्या आठवड्यात फोन करून एकच विचारलं, "आई, बाबांचे पत्ते कुठे आहेत? मी दिलेले?"

"हातात घेऊनच गेले गं. मी तसेच राहू दिले, त्यांच्याबरोबर."

सांगताना मावशींचा आवाज जराही हलला नाही. पलीकडे लेक रडली आणि येते म्हणाली.

पत्ते शेडमध्ये होते, फळीवर खिळ्यांच्या डब्यामागे. उजवं अंग आणि वाचा गेल्यावर म्हातारा दोन वर्षं पलंगावर बसून एकट्याचा डाव मांडायचा. लालवर काळा, काळ्यावर लाल. दिवसभर आपली पत्त्यांची फटफट. एके दिवशी मावशींचं डोकं सटकलं. "खेळायला तुम्ही काय कुक्कुलं बाळ?" म्हणत त्यांनी पत्ते उचलले. तेव्हापासून म्हातारा डावा हात वर करायचा आणि अंगठा बोटावरून सरकवायचा, पत्ता वाटल्यासारखा. मावशी त्याच्या ओठांना पाणी लावायच्या. पाणी नको आहे हे त्यांना चांगलं कळायचं. अकराव्या दिवशी हात वर गेला तो तसाच राहिला.

हे पाहिलेली एकटी सून होती. पण आपल्याला तोंड आहे हे मावशींनी तिला कधी कळूच दिलं नव्हतं.

रंगवाल्याने स्प्रेचे डबे देताना सांगितलं, "काकू, टायरवर रंग उडू नये म्हणून रिमच्या फटीत जुने पत्ते खोचा, पाकळ्यांसारखे गोल. काम झालं की फेकून द्या."

मावशींना हसू आलं. चाकंही उजळतील आणि ती ब्यादही जाईल.

बुधवारी पहिलं चाक काढलं. नट हलेना. "राहा पान्यावर उभी," मावशी सुनेला म्हणाल्या, "माहेरचं खाल्लेलं आज तरी कामाला येऊ दे." सून उभी राहिली, नट कुरकुरत सुटला. घासणं, पुसणं, पत्ते खोचणं मात्र मावशींनी स्वतःच्या हातानं केलं. सगळ्या पत्त्यांच्या निळ्या पाठी वर. रंगाचे दोन हात मारले आणि वाळायला ठेवलं.

गुरुवारी सकाळी सगळे पत्ते उताणे होते. लाल अठ्ठीशेजारी काळी सत्ती, तिच्याशेजारी लाल छक्की. रंग पाठीवर, चित्रांवर एक ठिपका नाही.

"तुझी भीड चेपली वाटतं गं?" मावशी सुनेवर खेकसल्या.

"मला पत्त्यांतलं काही कळत नाही, आई."

"मग कुणी केलं? भुतानं?"

सुनेनं चाकाकडे बघितलंसुद्धा नाही. "तुम्हाला कळतं?" एवढंच म्हणाली.

त्या दिवशी दुसऱ्या चाकाचं काम झाल्यावर मावशींनी शेडला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. शुक्रवारी कुलूप जसंच्या तसं होतं. पत्ते उताणे, लालवर काळा. रिमवरच्या वाळलेल्या रंगात एका अंगठ्याचा ठसा होता, कडेकडेनं सरकत गेलेला. मावशींनी आपला अंगठा लावून पाहिला. ठसा मोठा होता. त्यांनी तो दात-ओठ खात घासून काढला आणि पुन्हा रंग मारला.

तिसऱ्या चाकापाशी त्या स्टूल घेऊन भर दुपारी राखण करत बसल्या. उन्हात पत्र्याचं छप्पर तडतडत होतं. फडकं घ्यायला त्या वळल्या.

फट.

पाहिलं तर एक पत्ता उलटलेला. पुन्हा वळल्या. फट. मग त्यांनी वळून बघायचं सोडून दिलं. भिंतीकडे तोंड करून बसल्या, आणि आवाज थांबल्यावरच उठल्या.

शनिवारी चौथ्या चाकातून पत्ते उपसले ते एक्क्यापासून राजापर्यंत ओळीनं निघाले, चारही रंगांचे. म्हाताऱ्याचा डाव लागला होता.

मावशींनी बावन्नच्या बावन्न पत्ते पत्र्याच्या डब्यात घालून जाळले. सगळ्यात शेवटी बदामची राणी जळली. तिच्यावर लेकीच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'बाबा, हरायचं नाही.' राख होईपर्यंत मावशी हलल्या नाहीत.

रविवारी चाकं बघून लेकीचा चेहरा मऊ झाला. "तू रंगवलीस?"

"मग काय तुझ्या वहिनीनं? तिला नखं रंगवता येत नाहीत धड."

लेक हसली. मावशींच्या गळ्यात पडून म्हणाली, "पुढच्या रविवारी मुलांना घेऊन येते, आई."

गाडी फाटकातून बाहेर पडली.

फट. फट. फट.

चाक फिरेल तसा आवाज. गाडी थांबली. लेक उतरली, पुढच्या चाकाशी वाकली, फटीतून काहीतरी ओढून काढलं आणि परत आली.

बदामची राणी. नवी करकरीत. आपलं अक्षर लेक पुन्हा पुन्हा वाचत होती.

"हे बाबांच्या हातात होतं ना?"

मावशींनी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं. जन्मात कधी कमी पडलं नव्हतं. जीभ हलली नाही. त्या पायरीवर बसल्या. उजवा हात मांडीवरून घसरून लोंबला. डावा आपोआप वर आला आणि अंगठा बोटावरून सरकायला लागला.

"आई? काय झालं? काय मागतेय ही?"

सून पुढे आली. "बाबाही असंच मागायचे, ताई. अकरा दिवस. पत्ते शेडमध्ये होते."

लेकीनं पत्ता पर्समध्ये ठेवला, चेन ओढली आणि गाडीत जाऊन बसली. काच वर गेली.

सुनेनं पाण्याचा पेला आणला आणि मावशींच्या ओठांना लावला. मावशींनी मान हलवायचा प्रयत्न केला.

"प्या," सून प्रेमानं म्हणाली.

पत्ता लेकीच्या पर्समध्ये होता. तरी गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत आवाज येत राहिला, फट, फट, फट. मावशींचा अंगठा त्याच्याच तालावर चालला होता. मग आवाज बंद झाला. अंगठा चालूच राहिला.