त्रिशलाबाईंचा ओढांक

त्या वर्षी एकाच गल्लीतल्या दोन घरांत एकच मॅच चालू असली, तरी दोघांना तिचे दाम सारखे पडत नव्हते. जयसिंगपुरात सातव्या गल्लीतल्या चौगुल्यांना ती चार रुपयांत मिळे आणि भिंतीपलीकडच्या मास्तरांना एकशे दहाला. मास्तर क्रिकेटवेडे, चौगुले मॅच लावून डुलक्या काढणारे. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं होतं: पटत नसेल तर सोडा. 'मोकळीक' ही सेवाच तशी होती. करार नाही, डिपॉझिट नाही, वर्षभराचं बंधन नाही. या क्षणी घ्या, पुढच्या क्षणी सोडा. लोकांना याचं इतकं कौतुक वाटलं की जुन्या सेवा दोन वर्षांत गाशा गुंडाळून गेल्या. कसायाला गाय धार्जिणी म्हणतात ते काही उगाच नाही.

किंमत ठरवायचं काम एका आकड्याकडे होतं. त्याला ओढांक म्हणत. मोकळीक पडद्यावर दिसत नसे, चष्म्यात दिसे. त्या चष्म्याच्या काड्या कानशिलाची नाडी मोजत आणि काचा डोळ्यातल्या बाहुलीवर नजर ठेवत. आवडीची गोष्ट समोर आली की माणसाची बाहुली रुंदावते, श्वास अर्धा क्षण अडतो, कानशिलावर बारीक घाम येतो. हे सगळं जमेस धरून यंत्र एकच हिशोब मांडी: ही गोष्ट आत्ता हातची गेली तर या माणसाला किती सलेल आणि ती राखायला तो जास्तीत जास्त काय देईल? तो आकडा म्हणजे ओढांक, आणि किंमत त्याहून केसभर कमी. ज्याला कसलीच ओढ नाही त्याला जगातली कुठलीही गोष्ट एक रुपयात मिळे.

बाजारात वांगी हातात घेऊन 'किडकी दिसतात' म्हणायचं आणि दोन पावलं पुढे जायचं, म्हणजे भाजीवाली हाक मारते, ही विद्या आपल्याकडे आया मुलींना शिकवत आल्या आहेत. यंत्रापुढे ती चालत नव्हती. तोंड वाकडं करता येतं, बाहुली आवळता येत नाही.

त्रिशलाबाई मगदुमांनी ती विद्या वापरून बघितली होती. चष्मा काढून ठेवायचा, स्वयंपाकघरात जाऊन डबे पुसायचे, मग काहीच नको असल्यासारखं परत यायचं. आकडा उलट वाढलेला असे.

त्यांना हवा होता भूपाल. त्यांचा नवरा, गावचा केबलवाला, चार वर्षांपूर्वी गेलेला. केबल चालवता चालवता भूपाल आसपासच्या गावांत लग्नाचं शूटिंगही करी. साऱ्या पंचक्रोशीला कॅमेऱ्यात धरणारा हा माणूस स्वतः कधी कुणाच्या कॅमेऱ्यात आला नाही. कुणी फोन रोखला की 'आण इकडं, तुला जमायचं न्हाई' म्हणून हिसकावून घ्यायचा. फक्त दर रविवारी स्वतःच्या केबलवर 'हरवलं-सापडलं' नावाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम तो स्वतः करी. कॅमेरा स्टँडवर लावायचा, पळत येऊन खुर्चीत बसायचं आणि कुणाची शेळी हरवली, कुणाची चप्पल जैन बस्तीच्या देवळाबाहेरून बदलून गेली, ते गंभीर चेहऱ्याने वाचायचं. अकरा वर्षं त्याने हे केलं. मोकळीक आली तशी केबल बसली आणि कंपनीच्या माणसांनी या कार्यक्रमाच्या साऱ्या कॅसेट एका जुन्या मोटारसायकलच्या किमतीत उचलून नेल्या.

त्या मेलेल्या शेळ्यांच्या बातम्या जगात कोण बघणार? एकटी त्रिशलाबाई. पहिल्या महिन्यात एक भाग अकरा रुपयांना पडला. मग एकशे चाळीस, मग नऊशे. भूपालच्या चौथ्या पुण्यतिथीला आकडा अडीच हजारांवर गेला. आधी एक पाटली गेली, मग दुसरी. त्या दिवशी मात्र त्यांच्या डोक्यात तिडीक गेली आणि त्या तडक पुण्याला निघाल्या.

ओढांक शोधून काढणारा आणि मोकळीकचा मालक असलेला डॉक्टर सन्मती उपाध्ये जयसिंगपूरचाच पोरगा. गावची काकू आली म्हटल्यावर त्याने ताबडतोब आत घेतलं, चहा मागवला. वागायला तो गोड होता. असल्या माणसांचा मला जास्त राग येतो.

"काकू, भूपालकाकांची केबल आमच्या घरी होती," तो म्हणाला.

"होती न्हवं? मग त्याच भूपालकाकाला बघायला मला अडीच हजार का पडत्यात, तेवढं सांग."

"कारण तुम्हाला त्याचं तेवढं मोल आहे. किंमत मी ठरवत नाही काकू, तुम्हीच ठरवता. यंत्र फक्त वाचून दाखवतं."

"शेजारच्या चौगुल्याला एक रुपयात मिळतोय."

"त्यांना काकांची ओढ नाही. पूर्वी सगळ्यांना एकच दर असायचा, म्हणजे ज्याला नको त्याला महाग आणि ज्याला जीव की प्राण त्याला स्वस्त. तो अन्याय होता. आता प्रत्येक जण आपापल्या ओढीइतकं देतो." तो उत्साहाने पुढे झुकला. "म्हणून तर आम्ही असल्या जुन्या कॅसेट गावोगाव फिरून घेतल्या. कितीही फालतू चित्रण असो, जगात कुठेतरी एक माणूस असतोच ज्याच्यासाठी ते अनमोल आहे. त्या एका माणसावर सगळा खर्च निघतो."

तो एक माणूस समोर बसून त्याचा चहा पीत होता, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"माझ्या पाटल्या गेल्या रे."

"जबरदस्ती कुणी केली का? करार कुठाय? केव्हाही सोडता आलं असतं."

"नवऱ्याला सोडू?"

"विसरायला लागा हळूहळू. ओढ कमी झाली की दर आपोआप उतरेल," तो म्हणाला. साखर कमी करा म्हणून डॉक्टर सांगतात, तसं. "मी तुम्हाला सूट दिली असती, पण सूट कुणालाच नाही. मलाही नाही. तसं यंत्रातच कायमचं बंद करून टाकलंय. एक फट ठेवली की सगळंच खोटं होतं."

मग त्रिशलाबाईंनी विचारलं, "तुझं कुणी गेलंय का रे?"

"आई. मी चार वर्षांचा होतो." त्याने टेबलावरचा एक फोटो त्यांच्याकडे वळवला. घोळक्यात उभी असलेली एक बाई, चेहरा हललेला. "एवढा एकच आहे. ती चालायची कशी, तिचा आवाज कसा होता, मला काही ठाऊक नाही. म्हणून तर मी ओढ मोजायच्या मागे लागलो. हा फोटो शिरोळचा, मामाच्या लग्नातला. त्याच वर्षी ती गेली."

त्रिशलाबाईंनी कप खाली ठेवला. त्या वर्षांत शिरोळमधल्या जैनांच्या घरची लग्नं कोण शूट करत होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

घरी माळ्यावर लग्नाच्या कॅसेटची ट्रंक तशीच होती. भूपालला नवरा-नवरीची नावं कधी लक्षात राहत नसत, पंगत मात्र पक्की लक्षात राही. त्यामुळे कॅसेटवर तो नावांऐवजी जेवण लिहायचा: 'बासुंदी, नांदणी', 'जिलेबी, मिरज, मठ्ठा आंबट'. कंपनीच्या माणसांनी ट्रंक उघडून या चिठ्ठ्या वाचल्या आणि पाककृतींचा कार्यक्रम आहे असं समजून ती तिथेच सोडली. पाककृती त्यांच्याकडे उदंड होत्या.

बाईंनी शिरोळच्या तेवढ्या काढल्या आणि जुना प्लेअर जोडून चार दिवस लग्नं बघितली. 'बुंदी, शिरोळ' या कॅसेटमध्ये मांडवाच्या कडेला हिरव्या लुगड्यातली एक हसरी बाई ताट घेऊन धावत होती आणि ओरडत होती, "सन्मती, पळू नको! पडशील रे माझ्या सोन्या!" पुढे एक बोडकं पोर. ते पडलं. तिने ताट टाकून त्याला उचललं, त्याचा गुडघा फुंकला आणि कॅमेऱ्याकडे बघून लाजली. अकरा मिनिटांत ती पाच वेळा दिसली.

कॅसेट उचलून पुण्याला नेऊन द्यावी, हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आईवेगळं पोर ते. भूपाल असता तर पहिल्या एसटीने गेला असता. पण 'विसरायला लागा हळूहळू' हे त्या गोड आवाजातलं वाक्य त्यांच्या कानातून जात नव्हतं. जशास तसं, त्यांनी ठरवलं. मी त्यांच्या जागी असतो तरी हेच केलं असतं; उगाच साधूपणाचा आव कशाला आणू?

त्यांनी ती अकरा मिनिटं मोकळीकवर चढवली. कुणीही काहीही चढवावं, मिळकतीतला अर्धा वाटा चढवणाऱ्याचा, असा नियमच होता. नाव दिलं: 'शिरोळचं लग्न. सन्मतीची आई.' मग त्याला एका ओळीचा निरोप धाडला आणि खिडकी उघडून बसल्या. खिडकी म्हणजे चढवणाऱ्याला आपल्या प्रेक्षकांचे ओढांक क्षणाक्षणाला दाखवणारी सोय. मोकळीकवर फुकट काहीच नसल्यामुळे खिडकीचा दरही ती उघडणाऱ्याच्या ओढांकावर ठरे. पहिल्या रविवारी तो चाळीस रुपये होता.

खिडकीत सन्मतीचा ओढांक उमटला: चार लाख. आई हसली तिथे सहा लाख. 'माझ्या सोन्या'ला नऊ.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"काकू, ती कॅसेट मला द्या. काय पाहिजे ते मागा."

"मी काय मागणार बाबा? किंमत मी ठरवत न्हाई. तूच ठरवतोस."

"दर वेळी वाढतोय हो आकडा!"

"मग सोड की. करार कुठाय?"

"मी यंत्रच बंद करून टाकीन!"

"टाक. आईबी बंद होईल." त्या थांबल्या. हा क्षण त्यांना पुरवून पुरवून खायचा होता. "असं कर, विसरायला लाग हळूहळू. ओढ कमी झाली की दर उतरंल."

पलीकडे तो रडत होता. त्रिशलाबाईंना बरं वाटलं. पाटल्या परत हातात चढल्यावर वाटलं असतं, त्याहून कितीतरी बरं.

पुढचं जवळजवळ वर्षभर सन्मती दर रविवारी सकाळी आईला बघत होता आणि त्रिशलाबाई सन्मतीला बघत होत्या. त्याने आधी बंगला विकला, मग गाडी, मग कंपनीतला आपला हिस्सा तुकड्यातुकड्याने. बाईंच्या नावावर वाटा जमत होता, पण त्यांनी पाटल्या केल्या नाहीत. घराला रंगही दिला नाही. रविवारी आकडा आणखी वर गेलेला बघायचा, त्याने मध्येच डोळे मिटले तर आकडा कसा थरथरतो ते बघायचं, आणि आज त्याने काय विकलं असेल याचा अंदाज बांधत आठवडा काढायचा. खिडकीचा दर चाळिसाचे चार हजार झाले, चार हजारांचे चार लाख. दिवाळीपर्यंत सन्मतीकडून आलेलं जवळजवळ सगळं खिडकीतच जाऊ लागलं. त्यांनी एकदाही घासाघीस केली नाही.

भूपालची पाचवी पुण्यतिथीही रविवारीच आली. बाई सकाळी बस्तीत जाऊन आल्या. वर्षभरात आपण भूपालला बघितलंच नाही, हे त्यांना तिथे, हात जोडलेले असताना आठवलं आणि अपराधी वाटलं. आता जवळ पैसा होता. पंधरा हजार म्हटला तरी देता आला असता. त्यांनी चष्मा घातला आणि 'हरवलं-सापडलं' काढलं.

किंमत होती एक रुपया.

त्यांनी चष्मा पुसला. दुसरा भाग काढला, तिसरा काढला. एक रुपया, एक रुपया. हे समजावून सांगणारा माणूस त्यांच्या ओळखीत एकच होता. त्यांनी त्याला फोन लावला.

"सन्मती, यंत्र बिघडलंय तुझं. भूपालला एक रुपया दाखवतंय."

तो हळूच म्हणाला, "यंत्र बिघडत नाही, काकू."

"अरे, माझा नवरा हाय तो!"

"खिडकी केवढ्याला पडते हल्ली तुम्हाला?"

त्यांनी चष्म्याची काडी बोटाने चाचपली.

"माणसाकडे ओढी काही दोन-दोन नसतात," तो म्हणाला. "आहे ती एका जागी लागली की दुसरीकडून निघते. मी सांगितलं होतं ना, विसरलात की दर उतरेल. उतरला." वर्षभरात पहिल्यांदाच त्याच्या आवाजात हसू होतं. "बघा आता पोटभर. स्वस्त झालेत काका."

त्यांनी फोन ठेवला आणि एक रुपया देऊन हट्टाने भूपाल लावला. तो पळत येऊन खुर्चीत बसला, चष्मा सारखा केला, कागद झटकला. तोच माणूस, तोच शर्ट. बाई रडायची वाट बघत बसल्या. रडू येईना. उदगावच्या कुणाची तरी काळी शेळी, कानावर पांढरा ठिपका, गुरुवारपासून नाही, असं तो वाचत होता. दिसल्यास कृपया कळवावे. शेळी गाभण आहे आणि घरातली म्हातारी...

दहा वाजत आले होते. सन्मती दहाला बसतो. आज आपण त्याला फोन केला, म्हणजे आज तो जिंकल्यासारखा बसेल, आणि 'माझ्या सोन्या' आल्यावर पुन्हा कोसळेल. तो आकडा आज केवढा जाईल?

त्रिशलाबाईंनी भूपालला वाक्याच्या मध्येच थांबवलं आणि खिडकी उघडली. दर होता अकरा लाख. त्यांच्या नावावर जमलेलं सगळं मिळून बरोबर तेवढंच होतं. त्यांनी हो म्हटलं आणि त्या सावरून बसल्या.