रिकाम्या कोपऱ्यासमोरचा पवित्रा

"रिकाम्या जागेपुढं त्याले पवित्रा घेऊ देऊ नको, सूनबाई. समोर कोनीतरी येऊन उभं राह्यते."

मामंजी असं म्हणाले, तेव्हा मी पदराआड हसले होते. कॉलेजात शिकलेली ना मी.

विश्वास ठेवा न ठेवा, पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं आहे.

गाव जैनथ. छप्पन सालची दिवाळी नुकतीच झाली होती. जिल्हा आंध्रात गेला होता आणि यजमान बदलीच्या कागदांसाठी नांदेडला अडकले होते. घरात मी, तीन वर्षांचा माणिक आणि सासरे चंपतराव.

मामंजी जुने तलवारबाज. पोलीस ॲक्शननंतर तलवार सरकारजमा झाली, पण हात थांबले नाहीत. स्वतः समोर उभं राहून नातवाला रिकाम्या हातानं शिकवत. डोक्याचा बचाव, कमरेचा, गुडघ्याचा.

त्या संध्याकाळी ते शेतावर होते. शेजारच्या कुसुमबाई आल्या, तेव्हा मीच कौतुकानं माणिकला म्हटलं, दाखव ना रे.

तो ओसरीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. डावा पाय पुढे. मूठ कपाळावर आडवी.

कापसाच्या राखणीला याला न्यावं लागते, असं म्हणत कुसुमबाई हसत गेल्या.

माणिक तसाच उभा.

हाक मारली. आला नाही...

मूठ झर्रकन कमरेशी आली. मग गुडघ्याशी. पुन्हा डोक्यावर. शिकवलेल्या क्रमानं नाही.

कुणाचे तरी वार अडवावेत तशी...

गोठ्यातल्या बैलांच्या घंटा थांबल्या होत्या.

कोपऱ्यात जमिनीवर पाय घासल्याचा आवाज आला...

माणिकचे पाय हललेच नव्हते.

मामंजी दारात येऊन थबकले. कोपऱ्याकडे नाही, नातवाच्या मुठीकडे पाहत राहिले.

"उंच हाय," ते हळूच म्हणाले. "डावखोरा हाय."

माणिकचा हात दमला. खाली येऊ लागला...

मामंजी बाजूनं शिरून त्याच्यापुढं पवित्र्यात उभे राहिले.

"लेकराले घेऊन जाय. मागं पाहू नको."

माणिकला कुसुमबाईंकडे ठेवून दिवेलागणीनंतर मी परतले. ते तिथंच उभे होते, घामानं निथळत. डाव संपला की दोघांनीही सलामी द्यायची असते.

"म्या देल्ली," ते म्हणाले. "त्यानं नाही देल्ली."

आमच्यासोबत चला म्हटलं, तर मान हलवली. "मी हाललो त तो लेकराच्या मागं जाते."

सकाळी कुसुमबाईंच्या गाडीनं आम्ही पैनगंगा ओलांडली. तेव्हापासून मी माहेरी आहे. माणिक खेळतो, जेवतो. मामंजींचा निरोप मात्र नाही.

तुमच्यापैकी कुणी जैनथकडे गेलात, तर आमच्या ओसरीवर डोकावून या. बाजूनं जा, त्यांच्या समोर उभं राहू नका.

त्यांचा हात अजून वर आहे का... तेवढं मला कळवा.