गार जखम

मादन हिप्परग्यात जखम धुवावी तर अंकुशनं, असं लोक म्हणत. सरकारी दवाखान्याचा डॉक्टर आठवड्यातून एकदा गुलबर्ग्याहून यायचा. एरवी टिंक्चर, पट्ट्या आणि जवसाचं पोटीस सगळं ड्रेसर अंकुशच्याच हाती. जखम लाल झाली, सुजली, ठणकायला लागली की लोक घाबरत. हा उलट खूश व्हायचा. चूल पेटल्याशिवाय भाकरी होत नाही, तशी आच आल्याशिवाय जखम भरत नाही, असं त्याचं म्हणणं.

फसली तेराशे पंचेचाळीस सालची, निजामाच्या अमलातली गोष्ट. त्याच्या थोरल्या बहिणीचा, राजूबाईचा नवरा ग्यानबा किशनराव पाटलांकडं सालगडी होता. पौषात ऊस तोडताना त्याच्या डाव्या पावलावर कोयता बसला. चौथ्या दिवशी पाय सुजला, हाताला गरम लागला. अंकुशला बरं वाटलं. पाय कोरडा ठेवा, बाजेवरून हलू नका, असं त्यानं दाजींना बजावलं.

तीन दिवसांनी बघतो तर सूज गायब. जखम पांढरीफटक, ऊब नावाला नाही. दहाव्या दिवशी ग्यानबा गेला.

पाटलानं नेऊन उसाला पाणी द्यायला पाटात उभं केलं, असं राजूबाई रडून सांगत होती. तो आपल्या पायानं आला, दारू पिऊन पाटात पडला, असं किशनराव चावडीवर सांगत होते. पाटलापुढं सालगड्याच्या बायकोचं कोण ऐकतो! अंकुशच्या मनात तेव्हापासून एकच होतं. या माणसाच्या तोंडून खरं वदवून घ्यायचं, चारचौघांत, मग काहीही करावं लागो.

चैत्रात पाटलांच्या डाव्या पायात बाभळीचा काटा मोडला. जखम तुरीच्या दाण्याएवढी. अंकुशला वाड्यावर बोलावणं आलं. जाताना त्यानं नाही नाही ते योजलं होतं, पण त्याच्या हातांना एक खोड होती. जखम दिसली की ते ती बरीच करायला बघत.

दुखणं हत्तीच्या पायानं येतं नि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. हे मुंगीच्या पायानं आलं आणि बसून राहिलं. आठ दिवस झाले तरी लाली नाही, सूज नाही, ठणका नाही. बाहेर भिंती तापलेल्या आणि पाय गार. कढत पोटीस बांधावं, तर गाठ मारेपर्यंत ते थंड व्हायचं.

नवव्या सकाळी पट्टी ओली निघाली. पाटलीणबाई वच्छलाबाईंनी शपथ घेतली, खोलीत पाण्याचा थेंब नाही. गादी कोरडी होती. जमीन कोरडी होती. पाटलांच्या पायाची बोटं मात्र तासन् तास पाण्यात उभं राहिल्यासारखी सुरकुतली होती, आणि बेचक्यांत काळा चिखल होता. त्या दिवसांत मळ्यातली विहीर आटलेली होती.

अंकुशचा संशय सरळ बहिणीवर गेला. ती दारात तूर निवडत बसली होती.

"अक्का, काही केलंस का?"

"म्या काही न्हाई केलं," तिनं सुपातून मान वर केली नाही. "तू कामून बरं करायलास त्याला?"



बाराव्या सकाळी तो गेला तेव्हा ओसरीवर गावातले चौघे बसले होते. खोलीचं दार उघडं होतं. जखमेच्या कडा काळ्या पडल्या होत्या. पाटलांनी त्याचं मनगट धरलं.

"म्या नेलं त्याला," ते मोठ्यानं म्हणाले. "सूज उतरंल म्हनून पाण्यात उभा केला. तीन दिवस. म्या बांधावर बसून होतो. म्हनलं, उसाला पाणी भरंस्तोर, म्या 'भरलं' म्हनस्तोर भायेर यायचं न्हाई."

ओसरीवरच्या माना वळल्या. चौघांनीही ऐकलं होतं.

अंकुशला हवं होतं ते सगळं मिळालं. त्याला वाटलं होतं, आता छाती हलकी होईल. झाली नाही.

"आता त्यो बांधावर बसतोय," पाटील हळू म्हणाले. "काहीच बोलंना. अंकुशा, तू त्याचा मेव्हणा. त्याच्या वतीनं तू म्हन. भरलं, म्हन."

अंकुशनं तो पाय मांडीवर घेतला. गार होता. चिखलात रुतलेला पाय उपसावा तसा तो मधूनच ओढ घेत होता.

एकच शब्द होता.

तो त्याच्या ओठांपर्यंत आला.

"अजून न्हाई, मालक," अंकुश म्हणाला.

पाटलांनी मनगट सोडलं. अंकुशनं जखम पुसली, कोरडी पट्टी घेतली आणि नेहमीसारखी नीट बांधली. गाठ मारताना त्याचं लक्ष पाटलांच्या उजव्या पायाकडं गेलं. त्याला कधी काही लागलेलं नव्हतं. त्याची बोटं नुकतीच सुरकुतायला लागली होती.