मागून आलेली ओ

त्या शनिवारी सकाळी वरद दादरला गेला तो ब्रेंडनची सायकल आणायला. चर्चमागच्या गल्लीतल्या जुन्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, ब्रेंडनची आई एकटीच राहायची. जर्ट्रूड आंटी. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी बेजार, पण कान अजून तिखट. दाराला आतून साखळी. वरदने बेल वाजवली, नाव सांगितलं, फटीतून तोंड दाखवलं, आधार कार्ड काढायचं तेवढं बाकी राहिलं, तेव्हा कुठे ती साखळी निघाली.

"राग नको मानू रे बाला," आंटी म्हणाली. "ब्रेंडन खालनंच वरडायचा, 'आयलो, मम्मा!' ते ऐकलं का मी साखळी काढायची. दुसऱ्या कोनासाठी हाताला सवयच नाय."

गेल्या उन्हाळ्यात ब्रेंडन झोपेतच गेला. आई सकाळी चहा घेऊन उठवायला गेली आणि चहा तसाच राहिला. तेव्हापासून त्याची सायकल पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी होती.

"टायर बसलेत बग तिचे. फिरवून आन तिला. पन सांजच्याला परत आन हां. ती दिसली नाय तर घर खायला उठतं."

ही सायकल म्हणजे ग्रॅव्हल बाइक. दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी, पण टायर जाड, खडीमातीच्या रस्त्यासाठी केलेली. डांबर संपलं की हिच्या स्वाराला आनंद होतो. धडधाकट माणसाने चांगला रस्ता सोडून हाडं खिळखिळी करून घ्यायला डोंगरात का जावं, हे मला विचारू नका. वरद आणि ब्रेंडन मात्र वर्षानुवर्षं जात होते. वरद पुढे, ब्रेंडन मागे. वरदची बायको मनवा संसार आवरून बंगळूरला निघून गेली, तेव्हाही ते त्या रविवारी गेले होते. ब्रेंडन तिच्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. फक्त मागे होता.

त्यांचा एक नियम होता. पुढच्याने दगड, खड्डा, वाळू जे दिसेल ते ओरडून सांगायचं आणि मागच्याने ओ द्यायची. खडीवर मान वळवली की पुढचं चाक घसरतं, म्हणून मागे बघायचं नाही. मागून ओ आली म्हणजे माणूस आहे. नाही आली, तर थांबायचं. बाकीचे सायकलवाले काय ओ देतात ते देवोत, ब्रेंडनची ओ ठरलेली, घरची. आयलो!

त्या दिवशी वरदने मुरबाडच्या पलीकडचा रस्ता धरला. ब्रेंडनने मोबाइलच्या नकाशावर बोटाने आखून ठेवलेला, दोघांचा जायचा राहून गेलेला. शेवटच्या गावात गाडी लावली, कॅरियरवरून सायकल उतरवली, टायरमध्ये हवा भरली आणि तो सागाच्या रानात शिरला. माघ सरत आला होता. पानगळ झालेली. कुठेतरी शेतात पालापाचोळा पेटवून राब भाजल्याचा करपट वास होता. दुपार अशी गप्प होती, की टायरखाली खडी भरडल्याचा आवाज त्यालाच मोठा वाटू लागला. एकटेपणा घरात असतो तेव्हा टीव्ही लावून भागतं. इथे काय लावणार?

उतार लागला. वाटेत धोंडा होता. सवयीने तोंडातून गेलं,

"दगड, डावीकडे!"

आणि मागून ओ आली.

"आलो."

वरदच्या हातातलं हँडल लटपटलं. मान वळवायची तर उतार. कोणी गुराखी असेल, त्याने स्वतःला समजावलं. पण आवाज ब्रेंडनचा होता. तोच खरखरीत, सिगारेटी आवाज.

"वाळू!" तो पुन्हा ओरडला.

"आलो."

भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्याआधी आलं ते रडू. इतक्या महिन्यांत त्याच्या हाकेला कोणी ओ दिली नव्हती. घरी नाही, ऑफिसात नाही. भूत असो, भास असो, वेड लागलेलं असो, त्याला ते हवं होतं. त्या ओल्या डोळ्यांनी त्याने चक्क चेष्टा केली.

"हे काय रे पुस्तकी 'आलो'? आयलो म्हण ना. आयलो!"

मागे नुसती खडी वाजली. बराच वेळ.

"आय... लो."

"हां. अजून एकदा."

"आयलो."

आता हुबेहूब. मग काय, वरदची जीभ सुटली. मनवाचं सांगितलं, ऑफिसचं सांगितलं. आंटीचं सांगितलं. "तुझी वाट बघते रे अजून. दाराला साखळी लावून बसते. तू 'आयलो' म्हणायचास ना, ते ऐकल्याशिवाय हात उठत नाही तिचा. संध्याकाळी जायचंय, सायकल द्यायला." आणि प्रत्येक वाक्याला मागून ओ. डोंगर कधी चढला, धरणाच्या कडेने कधी फिरून आला, त्याला कळलं नाही. तो सुखात होता. खरंच सुखात होता.

गावाशी डांबर लागलं तेव्हा त्याने ब्रेक दाबला आणि मागे पाहिलं. रस्ता रिकामा. उडालेली धूळ हळूहळू खाली बसत होती. तो बराच वेळ तिथे उभा राहिला, मग सायकल कॅरियरला बांधून मुंबईकडे निघाला. मन भरून आलं होतं, भास का होईना.

मुरबाडच्या बाजारपेठेत रस्त्यावर उंचवटा आला. "स्पीडब्रेकर," तो पुटपुटला.

"आयलो."

मागच्या सीटवरून. अगदी कानाशी.

या वेळी रडू आलं नाही. आरशात बघायचं धाडस झालं नाही. स्टिअरिंग घट्ट धरून तो नुसता चालवत राहिला, आणि कल्याण मागे पडेपर्यंत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. ब्रेंडन असता, तर त्याला आयलो शिकवावं लागलं असतं का?

गाडीत ओल्या मातीचा वास भरत चालला होता. बाहेर तर सगळीकडे कोरडं होतं.

सायनच्या पुढे त्याने ठरवलं. दादरला वळायचं नाही. काहीही झालं तरी आंटीच्या दारात याला न्यायचं नाही. सरळ चिंचपोकळीला आपल्या घरी जायचं, मग आपलं काय व्हायचं ते होवो. एकट्या माणसावाचून तसं कोणाचं अडणारही नव्हतं. दादरच्या सिग्नलला गाडी थांबली. शेजारी फुलांच्या पाट्या घेतलेली माणसं रस्ता ओलांडत होती. दिवे नुकते लागले होते. हिरवा पडला, तो सरळ निघाला, आणि हिंदमाताच्या पुलाजवळ डॅशबोर्डवर लाल खूण लुकलुकताना दिसली. मागचं दार नीट लागलेलं नव्हतं.

त्याने गाडी कडेला घेतली, उतरून दार आपटून लावलं. मागची सीट रिकामी होती. पुन्हा बसला. लालबागला खड्डा आला.

"खड्डा," तो हळूच म्हणाला.

ओ आली नाही.

"खड्डा! उजवीकडे!"

नाही.

एक क्षण त्याला वाटलं, सुटलो. मग नियम आठवला. ओ आली नाही तर माणूस मागे नाही. मग तो कुठे आहे? दार कुठे उघडलं होतं?

त्याने आंटीला फोन लावला. खूप वेळ रिंग वाजली.

"आंटी, मी वरद. ऐका. दार कोणालाही उघडू नका. कोणी 'आयलो' म्हणालं तरी नाही. मी येतोय, तोवर साखळी..."

पलीकडे आंटी हसली. गेल्या उन्हाळ्यापासून तिचं हसणं त्याने ऐकलं नव्हतं.

"उगडलं रे कवाच! धुळीनं भरून आयलाय नुसता. तू बरा, त्याला मागं टाकून एकटाच गाडीतनं पुडं गेलास?"

"आंटी, तो ब्रेंडन नाही. आंटी..."

पण तिने फोन टेबलावर ठेवला होता, न कापताच. तिच्या चपला स्वयंपाकघराकडे गेल्या. ताटावर वाटी ठेवल्याचा आवाज आला. मग साखळी सरकली. दार आतून लागलं.

"ब्रेंडन, जेवायला ये रे बाला."

तिकडून ओ आली. स्वच्छ, पुस्तकी. आता त्या आवाजाला सोंगाची गरज नव्हती.

"आलो."