पडद्यावरचा पंजा

काम तसं सोपं होतं. आलेल्या बाईनं कमरेपर्यंतचे कपडे काढायचे, गार खोलीतल्या स्टुलावर हात वर करून पंधरा मिनिटं बसायचं. अंग निवलं, की शेजारच्या खोलीत बसलेली तंत्रज्ञ बाई पडद्यावर पाहत कॅमेऱ्यानं तिच्या छातीच्या उष्णतेचं चित्र घ्यायची. गरम ते लाल-पिवळं, गार ते निळं. कॅन्सरची गाठ असेल तर ती गरम दिसते, असा दावा. ‘वेदना नाही, दाब नाही, कुणाचा हातही लागत नाही,’ अशी पाटी केंद्राच्या मालकीणबाईंनी दारातच लावली होती. मॅमोग्राफीला घाबरणाऱ्या बायका ती वाचून हुश्श करत. तंत्रज्ञ बाईला मात्र हे मनातून पटत नसे. गाठ असूनही चित्र निळंशार आलेलं तिनं दोनदा पाहिलं होतं. पण बोलणार कुणाला? ती काम करत राही.

सोमवारी सकाळी एका शिक्षिकेच्या चित्रात डाव्या स्तनावर पिवळा डाग उमटला. डाग कसला, पंजाच. पाची बोटं स्पष्ट.

“मधे हात लावलात का?”

“छे! तुम्हीच बजावलं होतं ना?”

बोटं खाली रोखलेली होती. मागं उभं राहून कुणी खांद्यावरून हात पुढं घालावा, तशी. पण स्टुलामागं तर भिंत होती.

बुधवारपर्यंत आणखी चौघींवर तोच पंजा दिसला. बोटं जाड, सुजल्यासारखी. खांद्यापासून स्तनापर्यंत एक गरम पट्टा, गोगलगाय सरपटत गेल्यासारखा. तंत्रज्ञ बाईनं स्टूल स्पिरिटनं तीनदा पुसलं. घरी जाऊन अंग घासघासून धुतलं, तरी जेवताना घास तोंडात फिरू लागला.

“यंत्राचा दोष आहे,” मालकीणबाई म्हणाल्या. “तेवढं पुसून टाक आणि ‘सर्व ठीक’ लिही.”

“आणि त्या बायकांना काय सांगू?”

“त्यांना काय कळतंय त्यातलं!”

त्या हसल्या.

गुरुवारी दुपारी तंत्रज्ञ बाईची थोरली नणंद आली. डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ हाताला लागत होती. महिनाभर कुणाला सांगितलं नव्हतं.

“वन्सं, गाठ आहे तर इथं वेळ घालवू नका. मोठ्या इस्पितळात चला.”

“आधी तुझं यंत्र काय म्हणतंय ते बघू. तुझ्यापुढं लाज तरी वाटत नाही गं.”

पंधरा मिनिटांनी पडद्यावर छाती निळी झाली. गाठीची जागाही निळीच. तंत्रज्ञ बाई पडद्याजवळ सरकली.

खांद्यावर पिवळा ठिपका उमटला. तो लांबला. खाली उतरला.

बोटं फुटली.

या वेळी पंजा स्थिर नव्हता. पीठ चाचपावं तसा तो स्तन चाचपत होता. सावकाश. आवडीनं.

नणंद डोळे मिटून शांत बसली होती.

तंत्रज्ञ बाईनं धावत जाऊन दार ढकललं. आत दुसरं कुणी नव्हतं. फक्त एक वास होता, न धुतलेल्या तोंडाचा.

“वन्सं, कपडे घाला. आत्ताच्या आत्ता!”

पुन्हा त्या दारात तिनं पाऊल टाकलं नाही. पाचही बायकांना तिनं घरून फोन केले, चित्रावर विसंबू नका, मॅमोग्राफी करून घ्या म्हणून सांगितलं. नणंदेची मॅमोग्राफी झाली, गाठीचा तुकडा तपासला. कॅन्सरच निघाला. डावा स्तन काढावा लागला, पण रोग पसरला नव्हता. वेळेवर आलात, असं सर्जन म्हणाले. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी पट्टी बदलताना नणंद हळूच म्हणाली, “एक सांगू? वेडी म्हणशील. छातीवर कुणी हात ठेवून बसल्यासारखं वाटतं. गरम, ओलसर.”

तंत्रज्ञ बाईला तो पंजा आठवला. पण सर्जन याबद्दल बोलले होते. “होतं तसं, वन्सं. काढलेल्या अवयवाची जाणीव राहते काही दिवस. नसांना कळायला वेळ लागतो.”

नणंदेनं शहाण्यासारखी मान हलवली. मग खांद्यावरची चादर घट्ट ओढून घेतली.

“काढलेल्या बाजूला नाही गं,” ती म्हणाली. “उजव्या.”