डागमावशीला सांगितलेलं

बाहीवर रंगाचा थेंब पडला तेव्हा ती त्या सकाळची चौथी माफी टाइप करत होती.

"अरे देवा! हलू नका... आणि घासू तर मुळीच नका!" शिडीवरचा रंगारी ओरडला. धडपडत खाली आला, चिंधीवर टर्पेंटाइन ओतलं आणि तिच्यापुढे उभा राहिला. "उलट्या बाजूने हलकंच टिपायचं. घासलं की डाग आत जाऊन बसतो. आमच्या डागमावशींनी सांगितलंय."

"कोण मावशी?" तिने विचारलं आणि स्क्रीनवरची चॅटची खिडकी झटकन झाकली.

"फोनवर असतात हो. साबणाच्या कंपनीच्या. कुठलाही डाग विचारा, दहा मिनिटांत उत्तर! साठीच्या असतील... पण काय प्रेमळ बाई!"

आता घ्या! ही साठीची प्रेमळ बाई अठ्ठावीस वर्षांची होती आणि बाही पुढे करून त्याच्याच समोर बसली होती. तिच्या ऑफिसचं कामच ते. दुसऱ्या कंपन्यांच्या नावाने लोकांशी बोलायचं. साबणासाठी ती डागमावशी, कुरिअर कंपनीसाठी सेवामित्र, म्हणजे दिवसभर दिलगीर. घरच्या ग्रुपवर ती गुणी धाकटी. आणि 'अर्धी झोप' नावाचं एक गुपचूप खातं, तिथे ती साहेबांना मनसोक्त शिव्या घालायची. मावशी झाली की तिच्यात कुठून तरी माया यायची, अर्धी झोप झाली की जीभ मोकळी सुटायची. मजा होती, नाही कशाला म्हणायचं? पण संध्याकाळी आईचा फोन आला की नुसतं "हॅलो" म्हणायलाही तिला क्षणभर थांबावं लागे. आता कोणाच्या आवाजात बोलायचं, तेच कळायचं नाही.

मावशी खोटी आहे हे बाहेर कळता कामा नये, अशी साहेबांची ताकीद होती. तिने नुसती बाही अजून पुढे केली. तो बाही टिपत राहिला, जरुरीपेक्षा थोडा जास्तच वेळ.

दुपारी मावशीच्या खिडकीत त्याचा मेसेज आला. "मावशी, एका मॅडमच्या बाहीवर रंग सांडला. डाग गेला... मॅडम काही डोक्यातून जात नाहीत."

तिचे कान लाल झाले. तो पलीकडच्या खोलीत होता. उत्तर तर द्यायलाच हवं, तेही दहा मिनिटांत.

"बाळा, आधी चहाला तरी विचार," मावशीने लिहिलं.

पाचच मिनिटांत तो दारात हजर. "चहा... घेणार का?"

"लगेच?" तिच्या तोंडून निसटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे... घेते की!"

असे आठ दिवस गेले. तो तिच्याशी रंगांवर बोलायचा, चेष्टा करायचा, आणि मनातलं सगळं मावशीला लिहायचा. एकदा त्याने लिहिलं, "मावशी, हे कोणालाच ठाऊक नाही. वडील माझ्या डोळ्यांसमोर परांचीवरून पडले. तेव्हापासून तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला की माझे गुडघे थरथरतात. रंगाऱ्याला उंचीची भीती! कोणाला सांगणार?"

दुसऱ्या दिवसापासून ती येता-जाता त्याची शिडी धरून उभी राहू लागली.

"हे कशाला?" त्याने वरून विचारलं.

"सहज," ती म्हणाली. "बसून बसून पाठ दुखते हो."

तो हसला. इतका सुटल्यासारखा हसला की तिला स्वतःचीच लाज वाटली. बोलायला हवं होतं... पण उद्या बोलू, उद्या बोलू करत ती ढकलत गेली.

मग एका दुपारी, सहा खिडक्या उघड्या आणि डोळ्यांवर झापड, तिने ताईला लिहिलं, "ताई, तो रंगारी मला फार आवडतो गं. पण त्याची मावशी मीच आहे, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

पाठवलं. पलीकडच्या खोलीत त्याचा फोन वाजला.

तिने स्क्रीनकडे पाहिलं. खिडकी ताईची नव्हती. भिंतीवर फिरणाऱ्या ब्रशचा आवाज थांबला.

तो आला तो फोन हातात घेऊनच. चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

"ते शिडी धरणं..." तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला आपणहून वाटलं म्हणून धरता."

"वाटलंच होतं हो—"

"वाचून वाटलं. मी तुम्हाला कुठे सांगितलं होतं?"

एक भिंत अर्धी ठेवून तो निघून गेला.

दोन दिवस तो आला नाही. ती माफी लिहायला बसली, तर बोटांनी आपोआप लिहिलं, "झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." पुसलं. पुन्हा लिहिलं, तर "बाळा" आलं. जगाची माफी मागणाऱ्या बाईला स्वतःची एक माफी जमेना! तिने कीबोर्डवर डोकं टेकलं. इतकी दमलेली ती कधीच नव्हती, आणि तो आता येणार नाही या विचाराने तर तिच्यातलं त्राणच गेलं.

तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, तो आला. रंगाचा रिकामा डबा उपडा करून तिच्यासमोर बसला.

"मला उंचीची भीती वाटते," तो म्हणाला.

"मला माहीत—"

"मावशीला माहीत आहे. तुम्हाला आज पहिल्यांदाच सांगतोय."

आणि त्याने सांगितलं, अगदी पहिल्यापासून. लिहिताना गाळलेलंही सांगितलं. वडील पडले तेव्हा तो खाली मोबाइल बघत होता, हेही. तिच्या स्क्रीनवर खिडक्या लुकलुकत होत्या, दहा मिनिटं होऊन गेली, वीस झाली. तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"आता तुम्ही," तो म्हणाला. "कुठेच न लिहिलेलं काहीतरी सांगा."

मावशीकडे शहाणपण होतं, सेवामित्राकडे दिलगिरी होती, अर्ध्या झोपेकडे चुरचुरीत टोमणा होता. तिने ते सगळं गिळून टाकलं.

"मला... एकटीला जेवायला आवडत नाही," शेवटी ती म्हणाली. "तीन वर्षं झाली. घरी सांगते, मैत्रिणींबरोबर जेवते म्हणून. कोणी नसतं." आणि एवढ्याशा गोष्टीला तिला रडू आलं.

त्याने तिला रडू दिलं. मग हळूच विचारलं, "आज डबा आणलाय?"

"हो."

"मग काढा की." रंगाचा उपडा डबा त्याने तिच्या टेबलाजवळ सरकवला. "मला अजून एक सांगायचंय तुम्हाला. मावशीला लिहिलं होतं, पण होतं तुमच्यासाठीच... जेवून सांगतो."